कोटातली कोरडी वाट

मुलुंड-घाटकोपरचा माणूस कोटात जातो तो चाकरीला, पाहायला क्वचितच. मंडळी, एकदा भर पावसात बोरीबंदरला उतरा आणि दादाभाई नौरोजी मार्गाने फ्लोरा फाउंटनकडे चालू लागा. बराचसा रस्ता छत्री मिटूनच कापता येतो. हे काही शेठजींचे औदार्य नव्हे! गव्हर्नर फ्रिअर यांच्या कारकिर्दीत (१८६२-६७) कोटाचा तट पाडला गेला, शहर मोकळे झाले. पुढे १८९६ च्या नियमाने या रस्त्यावरील प्रत्येक इमारतीला तळमजल्याशी पादचाऱ्यांसाठी कमानदार पडवी ठेवणे भाग पडले. वर नक्षी, घुमट ज्याच्या-त्याच्या ऐपतीप्रमाणे. खालून वाट मात्र सर्वांची. साहेबाच्या शेजारून हमालही तिथून कोरडाच जातो. आमच्या उपनगरांतल्या बाजारपेठांत असा आडोसा शोधून पाहा.