तार सुटली, गाठ राहिली

९ मार्च २०२५, रविवार. दुबईत भारताने न्यूझीलंडला हरवून चॅम्पियन्स ट्रॉफी जिंकली. त्याच रात्री, आपल्याकडे दहा वाजून गेल्यावर, जगभरच्या टीव्हींमागे लोंबणाऱ्या एका चपट्या गोल चकतीला फोन ओळख देईनासे झाले. ती चकती म्हणजे फोनवरून टीव्हीवर चित्र आणणारे गूगलचे दुसऱ्या पिढीचे क्रोमकास्ट. ते जळले नव्हते, घरचे वाय-फायही ठणठणीत होते. तरी फोन सांगत होता की या उपकरणावर विश्वास ठेवता येत नाही.

कारण साधे होते. आपली चकती अस्सल आहे ना, हे फोन प्रत्येक वेळी तिच्या डिजिटल प्रमाणपत्रावरून तपासतो. ते प्रमाणपत्र ज्या वरच्या प्रमाणपत्राच्या भरवशावर उभे होते, ते २०१५ साली दहा वर्षांच्या मुदतीने काढलेले होते. मुदत भरली आणि धडधाकट वस्तू बाद झाली. दुरुस्ती यायला काही दिवस गेले. तोवर अनेकांनी वैतागून चकती रीसेट केली होती, त्यांची तर आणखीच पंचाईत झाली. सामना आधी आटोपला म्हणून आपल्याकडचे बरेच रिमोट त्या दिवशी वाचले असावेत.

फोनमधले चित्र टीव्हीवर न्यायच्या दोन रीती आहेत आणि घरोघरी त्यांची गल्लत होते. पहिली मिररिंगची. यात फोनच्या पडद्यावर जे जे दिसते ते जसेच्या तसे टीव्हीवर जाते. दुसरी कास्टिंगची. यात फोन टीव्हीला फक्त पत्ता देतो, अमुक व्हिडिओ अमुक ठिकाणी आहे, तू आण. टीव्ही तो थेट इंटरनेटवरून ओढतो आणि फोन रिमोटपुरता उरतो. म्हणून कास्टिंग चालू असताना फोन खिशात टाकला तरी बिघडत नाही. मिररिंगमध्ये मात्र फोन तापतो, बॅटरी खाली येते आणि दिवाणखान्यात सगळ्यांसमोर व्हॉट्सअॅपचा नको तो मेसेज झळकतो. (मिररिंगआधी ‘डू नॉट डिस्टर्ब’ लावावे. घरातली शांतता टिकते.)

फोन तापतो तो उगाच नाही. फुल एचडी पडद्यावर २०,७३,६०० ठिपके असतात. प्रत्येक ठिपक्याच्या रंगाला २४ बिट आणि सेकंदाला ६० चित्रे धरली, तर हिशेब सेकंदाला २९९ कोटी बिटांच्या आसपास जातो. एवढा माल घरच्या वाय-फायवरून सुखासुखी जाणार नाही. म्हणून फोन तो जागच्या जागी दाबतो. आधीच्या चित्रापेक्षा जेवढे बदलले तेवढेच मुख्यतः पाठवायचे, ही त्यातली मेख. स्लाइड स्थिर असली तर काम हलके, क्रिकेट लावले की कसरत. वाटेत काही तुकडे गळाले तर पुढचे पूर्ण चित्र येईपर्यंत फलंदाजाच्या जागी चौकटीच चौकटी दिसतात. दाबणे, पाठवणे, उलगडणे यांत वेळ जातोच, त्यामुळे लॅपटॉपचा माउस इथे हलतो आणि टीव्हीवरचा बाण जरा मागाहून येतो. सिनेमात ते कळत नाही, गेममध्ये जीव जातो. शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या राउटरांनी गजबजलेला २.४ गिगाहर्ट्‌झचा पट्टा सोडून ५ गिगाहर्ट्‌झवर गेले, तर बिल्डिंगमध्ये फरक पडतो.

व्हिडिओ कॉलची गंमत निराळी. न्यू जर्सीतल्या नातवाची मुंज पुण्यात टीव्हीवर लावली की आजी साहजिकच टीव्हीकडे बघून आशीर्वाद देतात. कॅमेरा मात्र बाजूला ठेवलेल्या फोनमध्ये. पलीकडे बटूला दिसतो तो आजींचा कान. फोन टीव्हीच्या अगदी खाली उभा करावा, एवढाच त्यावर उपाय.

एचडीएमआयची तार कोणत्याही कंपनीच्या टीव्हीत खोचा, चालायची. तार काढल्यावर मात्र प्रत्येकाने आपला सुभा मांडला. इंटेलने २०१० मध्ये वायडाय आणले, अॅपलने २०११ मध्ये एअरप्लेतून मिररिंग दिले. सर्वांना सामाईक असे काही असावे म्हणून वाय-फाय अलायन्सने २०१२ मध्ये मिराकास्ट काढले. ते राउटरशिवाय, फोन आणि टीव्ही थेट जोडून चालते. त्याच वर्षी अँड्रॉइड ४.२ मध्ये गूगलने ते घेतलेही. पण २०१३ मध्ये ३५ डॉलरचे क्रोमकास्ट बाजारात आले (भारतात डिसेंबर २०१४ मध्ये, २,९९९ रुपयांना), आणि पुढे अँड्रॉइड ६ पासून गूगलने आपल्या फोनांतून मिराकास्ट काढून टाकले. आयफोनने तर ते कधी घेतलेच नाही. सॅमसंगने ‘स्मार्ट व्ह्यू’ नावाने ठेवले, विंडोजने ठेवले. आज मेन्यूत नाव एक, आत प्रकार दुसरा, आणि दुकानदार सांगतो, ‘‘सगळं चालतं साहेब.’’ सामाईक मानक हाताशी असताना ते मागे पडले, याला मी तरी तांत्रिक अडचण म्हणणार नाही.

सिनेमा लावला की आवाज येतो आणि पडदा काळा, हा अनुभवही याच घराण्यातला. तो सहसा बिघाड नसतो. चित्रपटाच्या हक्कांच्या रक्षणासाठी अॅपच फोनला बजावते की हे चित्र बाहेर द्यायचे नाही. बँकेचे अॅपही अशीच मनाई करू शकते. तिथे ती हवीच, कारण खात्यातली शिल्लक पाहुण्यांनी पाहण्याचे कारण नाही. पण वर्गणी भरलेला सिनेमा आपल्याच टीव्हीवर दिसू नये, हे पचत नाही. २०१९ मध्ये एअरप्ले सॅमसंग, एलजी, सोनीच्या टीव्हींत शिरू लागले. त्याच वर्षी नेटफ्लिक्सने एअरप्लेचा आधार काढून घेतला. समोरचे उपकरण नेमके कोणते हे कळत नाही, असे कारण दिले. २०२५ च्या अखेरीस तर रिमोट असलेल्या बहुतेक टीव्हींवर फोनवरून कास्ट करण्याची सोयच त्यांनी बंद केली. टीव्हीतले अॅप उघडा आणि रिमोटवर एकेक अक्षर शोधत बसा.

मग तारच बरी, असे वाटले तर फोन घेतानाच एक विचारून घ्यावे. टाइप-सी भोक दिसले म्हणजे त्यातून चित्र निघतेच असे नाही. स्वस्त फोनांत ते बहुधा चार्जिंग आणि फाइलींपुरते असते. विचारायचे ते ‘डिस्प्लेपोर्ट’ आहे का. आयफोनला १५ पासून, म्हणजे २०२३ पासून, टाइप-सीतून हे मिळाले. गूगलच्या पिक्सेल ८ मध्ये भोक तयार होते, पण सोय उघडली ती २०२४ च्या अपडेटने. आणि तार जोडल्यावरही दोन्ही टोके आधी एचडीसीपी नावाच्या कुलपाची किल्ली एकमेकांना दाखवतात. ती जुळली नाही, तर तारेतूनही हक्काचा सिनेमा काळाच येतो.