फुल फॉर्म पाठ, प्रश्न तसेच

भारतात एचआयव्हीचं पहिलं निदान 1986 साली चेन्नईत झालं, डॉ. सुनीती सॉलोमन आणि त्यांची विद्यार्थिनी सेल्लप्पन निर्मला यांच्या कामातून. 1992 मध्ये राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना, म्हणजे नॅको, उभी राहिली. त्या काळच्या प्रचारात एड्स म्हणजे मृत्यू, एवढंच ठसवलं जाई. मुलांपर्यंत माहितीच्या आधी धास्ती पोचली.

मग 1 डिसेंबर, जागतिक एड्स दिन, शाळांच्या वार्षिक नियोजनात शिरला. प्रभातफेरी, घोषवाक्य स्पर्धा, पटांगणात लाल रिबिनीची रांगोळी. एड्सचा फुल फॉर्म पोरांना तोंडपाठ झाला. पण वर्गात निनावी प्रश्नपेटी ठेवली की वहीच्या फाडलेल्या कोपऱ्यांवर भलतंच येतं: डास चावला तर होतो का? एका डब्यात जेवलो तर? ज्याला झालाय तो बघून ओळखू येतो का? आणि बारीक अक्षरात, घडीवर घडी घातलेली एक चिठ्ठी असते: संबंधातून होतो म्हणजे नक्की कसा? पहिल्या तिन्हींना 'नाही' म्हणणं सोपं. चौथीशी तास अडखळतो.

त्या चौथ्या चिठ्ठीचं उत्तर देण्याची सोय झाली होती. 2005 मध्ये केंद्राने नॅकोच्या साथीने किशोरवयीन शिक्षण कार्यक्रम आणला. 2007 मध्ये महाराष्ट्रासह काही राज्यांनी तो संस्कृतीच्या नावाने थांबवला. ज्या मुंबईत र. धों. कर्व्यांनी 1927 पासून लैंगिक शिक्षणासाठी 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवलं, तिथेच हे व्हावं याची मला आजही चीड येते. त्या वर्षी नववीत असलेली मुलं आता तिशी ओलांडून गेली, त्यांची मुलं शाळेत जाऊ लागली.

2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 15 ते 49 वयाच्या स्त्रियांपैकी जेमतेम 22 टक्के आणि पुरुषांपैकी 31 टक्के यांनाच एचआयव्हीची पुरेशी, गैरसमजांशिवायची माहिती होती. नाव मात्र बहुतेकांनी ऐकलेलं.

दरम्यान आजाराचं रूपच पालटलं. एप्रिल 2004 पासून सरकारी केंद्रांत एआरटीची, म्हणजे विषाणूला रोखणाऱ्या उपचारांची, औषधं मोफत मिळू लागली. 2017 पासून निदान होताच उपचार सुरू होतात. गोळ्या नियमित घेऊन रक्तातलं विषाणूंचं प्रमाण तपासणीत सापडणार नाही इतकं खाली राहिलं, तर त्या माणसाकडून लैंगिक संबंधातून लागण होत नाही. किती दहावीच्या मुलांना हे सांगितलं जातं? शेजारच्या बाकावरचं मूल जन्मापासून या गोळ्या घेत असेल, तर त्याच्यासाठी वर्गाला हे माहीत असणं फार मोठी गोष्ट आहे. 2017 च्या कायद्याने एचआयव्हीच्या कारणावरून शाळाप्रवेश नाकारणंही बेकायदा ठरलं.

शिक्षकांनो, आठवीच्या विज्ञानात एड्सचा भाग आहे. तो 'घरी वाचा' म्हणून सोडू नका. चौथ्या चिठ्ठीचंही उत्तर द्या. आणि 1097 ही नॅकोची मोफत हेल्पलाइन फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवा.