गालिचा धुताना यंत्राइतकेच तोंडही महत्त्वाचे

लोहारा : उन्हाळ्यातील लग्नसराई आटोपली, की लोहारा, माकणी, सास्तूर परिसरातील मंडपवाल्यांपुढे दरवर्षी एकच काम उभे राहते. दोन महिने मांडवात अंथरलेली कारपेट, गालिचे आणि सतरंज्या पहिल्या पावसापूर्वी धुऊन, वाळवून गोदामात रचून ठेवायच्या असतात. त्यांवर गुलाल असतो, हळद असते, पंगतीतील वरणाचे आणि तेलाचे डाग असतात, आणि या सर्वांखाली काळ्या मातीचा थर असतो. अर्धवट ओले गुंडाळलेले कारपेट दिवाळीनंतर उलगडले, तर त्यातून बुरशीचा कुबट वास येतो. तो माल मग वऱ्हाडापुढे अंथरता येत नाही. मंगल कार्यालये, बँका, दवाखाने आणि मशिदींत नमाजासाठी अंथरलेले गालिचे यांचीही गत याहून वेगळी नाही.

पूर्वी सतरंज्या नदीवर किंवा विहिरीवर नेऊन धोपटल्या जात. आता मोटारगाड्या धुण्याचा उच्च दाबाचा पंप आला आहे आणि कारपेटही त्याच बंदुकीने धुण्याचा मोह होतो. नुकसानीची सुरुवात अनेकदा येथूनच होते. अशा पंपाच्या बंदुकीपुढील लांब नळीला, म्हणजे ‘वाँड’ला, बदलता येणारी नोझल मिळतात. त्यांचे रंग सहसा ठरलेले असतात. लाल नोझलमधून पाण्याची सरळ धार निघते, पिवळ्यातून 15 अंशांचा पंखा, हिरव्यातून 25 आणि पांढऱ्यातून 40 अंशांचा. काळे नोझल कमी दाबाने साबण सोडण्यासाठी असते. ट्रॅक्टरच्या चाकातील चिखल लाल नोझलने पटकन निघतो, म्हणून तेच कारपेटलाही लावले जाते. तेथे ती धार सुरीसारखे काम करते. मांडवात वापरले जाणारे स्वस्त कारपेट विणलेले नसते. प्लास्टिकचे तंतू सुयांनी टोचून, एकमेकांत गुंतवून ते बनवलेले असते. धार एका जागी पडली की तंतू सुटतात, लव उठते आणि पुढच्या लग्नात त्या ठिकाणी भोक दिसते. अशा कारपेटला पांढरे नोझल, ते हातभर अंतरावरून आणि धार तिरपी, एवढे पथ्य पाळले तरी त्याचे आयुष्य वाढते.

सुती सतरंजीचा मामला निराळा आहे. तिचा रंग सुटतो आणि गरम पाण्याने ती आटते. पांढरे फडके ओले करून कोपऱ्यावर दाबावे. फडक्याला रंग लागला, तर कोणतेही यंत्र लावण्याच्या भानगडीत पडू नये. थंड पाणी, सौम्य साबण आणि कडक ऊन यांवरच ती सोपवावी.

राहिला प्रश्न लोकरी किंवा नायलॉनच्या लव असलेल्या गालिच्यांचा आणि जमिनीला चिकटवलेल्या कारपेटचा. हे उचलून अंगणात नेता येत नाहीत, म्हणून तेथे धुण्याबरोबर पाणी ओढून घेणारे यंत्र लागते. सोलापूर, लातूर, पुण्यासारख्या शहरांतील व्यावसायिक ज्याला ‘स्टीम वॉश’ म्हणतात, ते बहुधा हेच. त्यात प्रत्यक्ष वाफ नसते. गरम पाणी दाबाने तंतूंच्या मुळाशी सोडायचे आणि त्याच क्षणी मळासकट हवेने ओढून घ्यायचे, एवढेच त्याचे तत्त्व. ओढून घेण्याची कल्पना इंग्लंडमधील अभियंता ह्युबर्ट सेसिल बूथ यांनी 1901 मध्ये यंत्रात उतरवली. त्यापूर्वीची काही यंत्रे धुळीवर हवा फुंकत असत. त्यामुळे धूळ जात नसे, फक्त जागा बदलत असे!

या यंत्राची पेटी कितीही मोठी असली, तरी गालिच्याला स्पर्श होतो तो वाँडच्या टोकाला बसवलेल्या तोंडाचा. तोंडाच्या मागे पाणी फवारणारे नोझल आणि पुढे हवा ओढणारी अरुंद फट, अशी ही साधी रचना. घेताना पहिला प्रश्न असतो रुंदीचा. 10, 12 आणि 14 इंचांची तोंडे सर्रास मिळतात. रुंद तोंडाने काम लवकर उरकेल, हा हिशेब वरवर बरोबर वाटतो. परंतु 10 इंचांऐवजी 14 इंचांचे तोंड बसवले की फट 40 टक्क्यांनी लांबते आणि मोटर तीच असल्याने हवेचा वेग घटतो. पाणी तितकेच पडते, पण परत येते कमी. साध्या विजेच्या प्लगवर चालणाऱ्या, एक किंवा दोन मोटरींच्या छोट्या यंत्राला 10 ते 12 इंचांचे तोंडच मानवते. 14 इंच व त्याहून मोठी तोंडे शोभतात ती गाडीवर बसवलेल्या, इंजिनाने चालणाऱ्या यंत्रांना. विक्रेता मोठे तोंड पुढे करील, तेव्हा आपली मोटर किती मोठी आहे हे आधी पाहावे.

दुसरी बाब नोझलची, आणि येथे लोहाऱ्यातील शेतकऱ्याला शहरातील सफाई कामगारापेक्षा अधिक कळू शकते. फवारणीच्या चपट्या पंख्याच्या नोझलवर ‘11002’ यासारखे आकडे असतात. गालिच्याच्या वाँडमधील नोझलही बहुधा त्याच पद्धतीने ओळखले जाते. पहिले तीन अंक पंख्याचा कोन सांगतात, म्हणजे 110 अंश. पुढचे अंक 40 पौंड दाबाला मिनिटाला किती अमेरिकी गॅलन पाणी पडेल हे सांगतात. ‘02’ म्हणजे 0.2 गॅलन, सुमारे पाऊण लिटर. दाब चौपट केला की पाणी दुप्पट पडते, चौपट नाही. तोंडात ‘11001’ची दोन नोझल असतील, तर 160 पौंड दाबाला मिनिटाला साधारण दीड लिटर पाणी पडेल. त्याऐवजी ‘11002’ बसवली, तर तीन लिटर. मोटर तेवढे पाणी ओढणार नसेल, तर उरलेले गालिच्याच्या पाठीत मुरते. पाठ तागाची असल्यास वर पिवळट-तपकिरी डाग उमटतात आणि धुणाऱ्याने साबण नीट काढला नाही, असा बोल लागतो. लहान यंत्राला लहान नोझल, हे गणित येथे सोडू नये.

वाँडच्या ओठांवर चढवायची एक घसरपट्टीही मिळते. बाजारात तिला ‘ग्लाइड’ म्हणतात. तव्यावर असतो त्या टेफ्लॉनचीच ती असते. धातूचा ओठ ओल्या लवेवर अडखळतो, दिवसभर वाँड ओढणाऱ्याचे खांदे आणि कंबर भरून येते. ग्लाइड बसवले की ओढ हलकी होते आणि ओठ गालिच्याला नीट टेकून हवा वाया जात नाही. ते वाँडच्या मापाचेच हवे. कड झिजली, तिला खाच पडली की बदलावे, नाहीतर नाजूक लव ओरखडली जाते. जोडसाधनांत सर्वांत कमी खर्चात सर्वांत जास्त सुख देणारी वस्तू कोणती असेल, तर ती हीच.

सोफा, खुर्च्या आणि जिने यांसाठी चार इंचांच्या आसपासचे हाततोंड पुरते. फरशीसाठी रबरी पट्टीचे तोंड वेगळे असते, ते गालिच्यावर वापरू नये.

लोकरीच्या गालिच्याला मात्र वेगळी वागणूक हवी. त्याला कडक क्षाराचा साबण आणि फार गरम पाणी सोसत नाही. दाबही कमी ठेवावा लागतो. वाँड मागे ओढताना एकदा पाणी सोडावे आणि त्याच पट्ट्यावरून पाणी बंद करून निदान दोनदा केवळ ओढून घ्यावे. घाईत नेमके हे कोरडे फेरेच गाळले जातात. व्यवस्थित ओढलेला गालिचा पंख्याखाली सहा ते आठ तासांत वाळावा. चोवीस तास उलटूनही तो दमट असेल, तर बुरशीची भीती धरावी.

पाण्याचा हिशेबही या भागात दुर्लक्षिता येत नाही. एप्रिल 2016 मध्ये शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. घरगुती मापाची उच्च दाबाची बंदूकही मिनिटाला सहा ते आठ लिटर पाणी सांडते, म्हणजे तासाला 400 लिटरच्या आसपास. लहान नोझलचे ओढयंत्र कोरडे फेरे धरून तासाला त्याच्या दहाव्या हिश्श्यात काम भागवू शकते. जेथे पाणी टँकरने विकत घ्यावे लागते, तेथे हा फरक थेट खिशात जाणवतो.

बोअरच्या जड पाण्याने नोझलच्या तोंडाशी पांढरा क्षार साचतो आणि पंखा एका बाजूला फाटतो. अशा वेळी टाचणी किंवा तार घालू नये, भोक मोठे होऊन आकड्याला अर्थ उरत नाही. नोझल काढून रात्रभर व्हिनेगरमध्ये ठेवावे, सकाळी जुन्या दातांच्या ब्रशने घासावे आणि बसवण्यापूर्वी मागील जाळी धुऊन घ्यावी.