हापूसची साखर कुणाच्या वाट्याला?

जानेवारीच्या शेवटी रत्नागिरीच्या बागायतदाराला एकच धास्ती असते. मोहोराला कणी धरलेली असते. काही फळे वाटाण्याएवढी, काही गोटीएवढी झालेली असतात. तेवढ्यात थंडी पुन्हा जोर धरते आणि फळे धरलेल्या त्याच फांद्यांवर नवा मोहोर फुटतो. लांबून पाहणाऱ्याला झाड बहरलेले दिसते. काही दिवसांत मात्र बुंध्याशी कोवळ्या कैऱ्यांचा सडा पडू लागतो. यालाच पुनर्मोहोर म्हणतात. यात ना कीड असते, ना रोग. झाडातली साखर जुन्या फळांकडून नव्या फुलांकडे वळलेली असते.

झाडात साखर तयार होते ती मुख्यतः जून, गर्द हिरव्या पानांत. हापूसची तांबूस कोवळी पालवी दिसायला देखणी, पण ती कमावती नसते. जून होईपर्यंत तिलाही दुसऱ्या पानांकडूनच अन्न लागते. मुळे, वाढते शेंडे, मोहोर, फळे हे सगळे मागणारे. देणारे आणि मागणारे यांच्यामधली वाट सालीच्या आतल्या थरातून जाते. त्या रसवाहिन्या. सतराव्या शतकात इटलीच्या मार्चेल्लो माल्पिगीने फांदीची साल गोलाकार काढून पाहिली, तेव्हा कापाच्या वरचा भाग फुगला. वरून खाली येणारे काहीतरी तिथे अडले होते.

हा रस वाहतो कसा, याचे आजही मान्य असलेले उत्तर जर्मन शास्त्रज्ञ एर्न्स्ट म्युंख याने १९३० साली पुस्तकरूपाने मांडले. पानाजवळ रसवाहिनीत साखर दाटली की शेजारून पाणी आत शिरते आणि दाब वाढतो. दुसऱ्या टोकाला फळ किंवा मूळ साखर काढून घेते, पाणी बाहेर जाते, दाब उतरतो. या दोन दाबांतल्या फरकावर रस सरकतो, साधारण तासाला अर्धा ते एक मीटर. वाडीतले शिंपणाचे पाणी ज्या आळ्याचे तोंड उघडे असेल तिकडे जाते, तसेच हे. इथे फक्त तोंड उघडणारे आळे स्वतःच असते. म्हणून पुनर्मोहोरात नवा मोहोर जुन्या कणीवर मात करतो: त्याची ओढ त्या घटकेला जास्त असते.

पेशींच्या भिंतीपलीकडे साखर नेणारी दारे कोणती, हे कळायला मात्र बराच काळ गेला. वोल्फ फ्रॉमर यांच्या गटाने २०१० साली अमेरिकेत साखर बाहेर सोडणाऱ्या प्रथिनांचे एक कुटुंब शोधले. त्याला नावच ‘स्वीट’ पडले. दोन वर्षांनी मोहरीच्या कुळातल्या अरबिडोप्सिस या छोट्या रोपात अशी दोन प्रथिने एकदम निकामी केली, तेव्हा साखर पानांतच साचून राहिली आणि रोपे खुरटली. पुष्कळ मोठ्या वृक्षांत मात्र पानाकडच्या टोकाला साखर पेशी-पेशींमधल्या सूक्ष्म वाटांनी, विशेष ऊर्जा न खर्चता रसवाहिनीपर्यंत पोहोचते.

मोहोर, फळे, पालवी यांच्या साखरेच्या ओढीवर संप्रेरकांचा ताबा चालतो आणि कोकणातला बागायतदार रोज ज्याच्याशी झुंजतो ते इथेच आहे. जिब्रेलिन हे संप्रेरक आंब्याला पालवीकडे नेते, मोहोर रोखते. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने हे दोन्ही बाजूंनी वापरले. पावसाळ्यात झाडाच्या विस्तारानुसार मोजून दिले जाणारे पॅक्लोब्युट्रझॉल, म्हणजे बागायतदारांचे ‘कल्टार’, झाडातले जिब्रेलिन तयार होणे रोखते. पालवी आवरते, साठलेले अन्न मोहोराच्या कामी येते, वर्षाआड धरणारा हापूस दरवर्षी धरू लागतो. उलट पुनर्मोहोर टाळायचा तर जिब्रेलिनच मोहोरावर फवारायचे: ५० पीपीएम, म्हणजे २० लिटर पाण्याला एक ग्रॅम.

इथे एक गोष्ट ठासून सांगायला हवी. कल्टार झाडाला नवी साखर देत नाही. आहे ती कुठे खर्चायची, एवढेच बदलते. खोड-फांद्यांतला स्टार्चचा साठा पालवीच्या जोरावरच भरून निघतो. कातळात सुरुंग लावून खणलेल्या खड्ड्यातले झाड आधीच तुटपुंज्या मातीवर उभे असते. त्याला पुरेसे खत न घालता, दुबळे आहे की सशक्त हे न पाहता दरवर्षी मात्रा देत राहणे म्हणजे त्या झाडाची पुंजी संपवणे आहे.

तुडतुडेही याच रसवाहिन्यांवर जगतात. मोहोरात सोंड खुपसली की दाबाखालचा रस आपसूक मिळतो. त्यात साखर भरपूर, नत्र कमी. हवे तेवढे नत्र मिळवायला कीड खूप रस पिते आणि नको असलेली साखर चिकट थेंबांच्या रूपाने टाकते. पानांवर पडलेल्या त्या चिकट्यावर काळी बुरशी वाढते, पानाला ऊन मिळेनासे होते. म्हणजे आलेली साखर गेली आणि होणारीही थांबली.

फळ उतरवले की झाडाकडून येणारा पुरवठा तुटतो. तोपर्यंत गरात बरीचशी साखर स्टार्चच्या रूपात साठलेली असते, आणि अढीत गवतावर पिकताना तीच पुन्हा साखर होते. म्हणून कोवळा काढलेला आंबा कितीही दिवस अढीत ठेवला तरी हवा तसा गोड होत नाही. झाडावर फार मुरू दिला, तर साक्याचा धोका. कापल्यावर बाठ्याभोवती निघणाऱ्या त्या पांढुरक्या, आंबट, स्पंजासारख्या गराचे कारण बाठ्यातच असावे, असे बेंगळुरूच्या भारतीय फलोत्पादन संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी दाखवले. आंब्याचे बी सुकून वाट पाहणारे नाही. ते फळात असतानाच रुजण्याची तयारी सुरू करते आणि त्यासाठी भोवतालच्या गराकडे वळते. वेंगुर्ल्याच्या केंद्रातून आलेल्या, अगदी पातळ बाठ्याच्या ‘सिंधू’ जातीत साका आढळत नाही, हे या मताला धरूनच आहे. आणि फळ ‘चौदा आणे’ तयार झाले की काढावे, हा रत्नागिरीच्या बागांतला जुना ठोकताळाही: स्टार्च पुरेसा भरलेला, पण बाठ्याने अजून मागणी सुरू न केलेली, असाच तो टप्पा असतो.