परदेशची पदवी आणि स्वदेशची परीक्षा



अंबरनाथच्या स्टेशनावर सकाळच्या गाडीची वाट पाहत उभें राहिलें, म्हणजे एखादा तरी तरुण हातांत जाड वही घेऊन ओठांतल्या ओठांत कांहींतरी घोकीत असलेला दिसतो. अशांपैकीं कांहीं जण रशिया, जॉर्जिया किंवा किर्गिझस्तान येथून वैद्यकाची पदवी घेऊन परतलेले असतात. पदवी पदरांत आहे, परंतु औषधाची चिठ्ठी लिहिण्याचा अधिकार अद्यापि नाहीं, अशी त्यांची स्थिति असते. तो अधिकार मिळण्यापूर्वीं जी परीक्षा द्यावी लागते, तिच्या अभ्यासाविषयीं आज चार शब्द सांगावयाचे आहेत. मी डॉक्टर नव्हे. जन्मभर मुलांना शिकविलें, एवढाच माझा अधिकार.

ही परीक्षा जाचक आहे, असें पुष्कळ आईबाप म्हणतात. त्यांनीं थोडें मागें वळून पाहावें. आनंदीबाई जोशी यांचा जन्म येथून जवळच, कल्याण येथें, १८६५ सालीं झाला. १८८६ सालीं त्यांनीं अमेरिकेंतील वैद्यकीय पदवी मिळविली. त्या काळीं मुंबई इलाख्यांत डॉक्टरांच्या नोंदणीचा कायदाच नव्हता. तो १९१२ सालीं झाला. तोंपर्यंत खरा डॉक्टर कोणता व भोंदू कोणता, याची पारख रोग्यानेंच करावयाची, आणि ती चुकली तर प्राणाशीं गांठ! नोंदणी निघाली ती रोग्याच्या रक्षणासाठीं. परदेशचीं महाविद्यालयें नाना प्रकारचीं. तेथून येणाऱ्या सर्वांस एकच माप लावावें, म्हणून २००२ सालापासून ही परीक्षा घेण्यांत येते.

परीक्षेचें स्वरूप साधें आहे. एका दिवसांत दोन भाग. प्रत्येकांत १५० प्रश्न आणि १५० मिनिटें. दर प्रश्नास चार पर्याय. चुकीच्या उत्तराबद्दल गुण कापीत नाहींत, म्हणून एकहि प्रश्न कोरा सोडूं नये. ३०० पैकीं १५० गुण मिळाले कीं उत्तीर्ण. ऐकावयास किती सोपें! तथापि अलीकडच्या वर्षांत उत्तीर्ण होणारांचें प्रमाण निम्म्याहून पुष्कळ कमी राहिलें आहे. असें कां व्हावें?

माझी एक जुनी विद्यार्थिनी बदलापुरास राहते. ती दोनदां नापास झाली. दुसऱ्या खेपेस अवघ्या सहा गुणांनीं. वडिलांनीं राहत्या घरावर कर्ज काढलेलें. आईनें लग्नकार्यास जाणें सोडलें होतें, कारण भेटेल तो विचारी, "मुलगी डॉक्टर झाली ना?" एके दिवशीं ती मजकडे आली व म्हणाली, "गुरुजी, सगळीं पुस्तकें तीनदां वाचलीं. आतां चौथ्यांदा वाचूं का?" मीं म्हटलें, "पुस्तक मीट, आणि काल वाचलेलें मला सांग." दोन वाक्यें बोलून ती थांबली. तिचे डोळे भरून आले. वाचतांना ओळखीचें वाटणें निराळें आणि पुस्तकावांचून आठवणें निराळें, हें तिला त्या दिवशीं कळलें. हें मीं तिला शाळेंतच शिकवावयास हवें होतें, याची मलाहि लाज वाटली.

मग आम्हीं नेम केला. आठवड्यांतून दोन दिवस तिनें माझ्याकडे यावें व एकेक रोग मला मराठींत समजावून द्यावा. जेथें मला कळेना, तेथें बहुधा तिलाच कळलेलें नसे.

२०१९ च्या जुलैंत महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर व वांगणी यांच्या दरम्यान पुराच्या पाण्यांत अडकली होती, तें आपणांस आठवत असेल. मीं तिला विचारलें, "अशा पाण्यांतून चालत गेलेला माणूस आठदहा दिवसांनीं तापानें फणफणला, पोटऱ्या ठणकत आहेत, डोळे लाल झाले आहेत. रोग कोणता?" "लेप्टोस्पायरोसिस," ती तत्काळ म्हणाली. "डेंग्यू कां नव्हे? हिवताप कां नव्हे?" येथें मात्र ती अडखळली. पुढील खेपेस ती तयारी करून आली. उंदरांच्या मूत्रांतील जंतु पुराच्या पाण्यांतून पायाच्या जखमेवाटे शरीरांत शिरतात; डेंग्यू व हिवताप डासांपासून होतात; तापाची सुरुवात तिहींत सारखी दिसूं शकते, परंतु पाण्याचा संपर्क, पोटऱ्यांची वेदना आणि डोळ्यांची लाली हीं तिन्ही एकत्र आलीं म्हणजे संशय कोठें न्यावा, आणि रक्ततपासणीनें त्याचा निर्णय कसा करावा, हें सर्व तिनें सांगितलें. बरोबर पर्याय ओळखणें हें अर्धेंच ज्ञान. उरलेले तीन कां चुकीचे, हें सांगतां येणें हें पुरें ज्ञान.

दुसरा नियम चुकांच्या वहीचा. सरावांत चुकलेला प्रत्येक प्रश्न तींत लिहावा आणि पुढें कारण लिहावें: ठाऊक नव्हतें, विसरलें, कीं प्रश्नच नीट वाचला नाहीं? तोच प्रश्न दुसऱ्या दिवशीं, आठवड्यानें व महिन्यानें पुन्हां स्वतःस विचारावा.

तिसरा नियम वेळेच्या वांटणीचा. ३०० प्रश्नांपैकीं १०० शरीररचना, औषधशास्त्र इत्यादि पायाभूत विषयांवर, व २०० प्रत्यक्ष चिकित्सेच्या विषयांवर असतात. सामाजिक वैद्यक हा विषय मुलें रुक्ष म्हणून शेवटास ठेवितात. परंतु त्याचे ३० प्रश्न, म्हणजे प्रसूतिशास्त्राइतकेच! सहा गुणांनीं नापास झालेल्या मुलीस याचें मोल निराळें सांगावें लागलें नाहीं.

तिसऱ्या खेपेस ती उत्तीर्ण झाली. आतां रुग्णालयांतील बारा महिन्यांची आंतरवासिता पुरी केल्यावर महाराष्ट्र वैद्यक परिषदेच्या नोंदवहींत तिचें नांव कायमचें चढेल. परवां ती म्हणाली, "गुरुजी, रात्रपाळींत पोटऱ्या दुखणारा एक तापाचा रोगी आला. मीं पहिल्यानें त्याला विचारलें, पाण्यांतून चाललांत काय?"

आईबापांस माझी एवढीच विनंति आहे. सायंकाळीं मुलास "आज किती वाचलेंस?" असें विचारूं नका. त्याच्यापुढें बसा आणि म्हणा, "आज जें वाचलेंस, तें मला समजावून सांग." तुम्हांस वैद्यक येत नाहीं, याची चिंता नको. उद्यां त्याच्यासमोर बसणाऱ्या रोग्यासहि तें येत नसणार.