नजरेची आड, गोळीची आड: मोबाइलवरच्या युद्धखेळाविषयी गैरसमज आणि वस्तुस्थिती

बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया, म्हणजेच बीजीएमआय, या खेळाच्या एका सामन्यात साधारण शंभर खेळाडू विमानातून बेटावर उतरतात. ते बहुधा चौघाचौघांच्या स्क्वॉडने लढतात आणि शेवटपर्यंत टिकणारा स्क्वॉड जिंकतो. एरंगेल या सर्वांत जुन्या नकाशाचा पसारा आठ किलोमीटर लांब आणि आठ किलोमीटर रुंद आहे. खेळता येण्याजोगे वर्तुळ मात्र दर काही मिनिटांनी आक्रसत जाते, त्यामुळे कोणालाच एका जागी बसून राहता येत नाही. चौघांनी मिळून जमीन ओलांडायची, शत्रूला हुसकायचे, घर घ्यायचे किंवा टेकडी धरून ठेवायची, ही सगळी पायदळाची कामे आहेत. या कामांबद्दल खेळणाऱ्यांच्या, तसेच खेळ नुसता पाहणाऱ्यांच्याही मनात बरेच गैरसमज असतात.

एक गैरसमज खेळाच्या नावाशीच जोडलेला आहे. ‘पबजीवर तर बंदी आहे’ असे आजही सर्रास बोलले जाते. पबजी मोबाइलवर केंद्र सरकारने २ सप्टेंबर २०२० रोजी बंदी घातली, हे खरे. त्यानंतर क्राफ्टन या कोरियन कंपनीने २ जुलै २०२१ रोजी बीजीएमआय हा त्याच धर्तीचा, पण भारतासाठीचा वेगळा खेळ आणला. जुलै २०२२ मध्ये तोही ॲप स्टोअरवरून हटवला गेला आणि मे २०२३ मध्ये परत आला. २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने बंदी आली ती पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या खेळांवर. ई-स्पोर्ट्सला त्याच कायद्याने वेगळे स्थान दिले. प्रवेश फी भरून रोख रक्कम जिंकायच्या खासगी रूमचा प्रश्न निराळा आहे. तिथे पैसे भरण्याआधी पालकांनी आणि मुलांनी हा कायदा समजून घेतलेला बरा.

आता खुद्द लढाईकडे. सर्वांत पक्का गैरसमज असा, की ज्याचा नेम अचूक तोच जिंकतो. नेम लागतो, याबद्दल वाद नाही. पण स्पर्धांमधल्या गुणांकनाची रीत पाहिली तरी खेळ कशाला किंमत देतो ते कळते. तिथे सामना जिंकणाऱ्या संघाला जागेचे १० गुण, दुसऱ्या क्रमांकाला ६ आणि प्रत्येक किलला १ गुण, ही पद्धत गेली काही वर्षे रूढ आहे. पाच जण टिपून पंधराव्या क्रमांकावर बाद होणाऱ्या संघाला पाच गुण मिळतात. दोनच जण टिपून शेवटपर्यंत टिकणाऱ्या संघाला बारा मिळतात.

चकमकीचा हिशेबही असाच चालतो. समसमान नेम असलेले दोघे समोरासमोर आले, तर निकाल जवळपास नाणेफेकीसारखाच लागतो. त्यांतल्या एकाचा साथीदार दहा-पंधरा पावले बाजूला उभा राहून त्याच शत्रूवर नजर ठेवून असेल, तर गणित पालटते. पहिला पडला तरी शत्रूची बंदूक त्या क्षणी रिकामी होत आलेली असते, तब्येत घटलेली असते आणि तोंड भलतीकडे असते. दुसरा त्याला सहज टिपतो. खेळाडू याला ‘ट्रेड’ म्हणतात. चांगल्या स्क्वॉडमध्ये एकटा माणूस क्वचितच मरतो, आणि मेला तरी त्याची किंमत लगेच वसूल होते. ही वसुली नेमापेक्षा साथीदार कुठे उभा आहे यावर अवलंबून असते. भारतीय लष्करात जवानाच्या जोडीदाराला ‘बडी’ म्हणतात. चौघांच्या स्क्वॉडकडे दोन बडी जोड्या म्हणून पाहिले, तर त्याचे अर्धे डावपेच आपोआप उलगडतात.

दुसरा गैरसमज आडोशाचा, आणि त्यात जितके खेळाडू फुकट मरतात तितके दुसऱ्या कशातही मरत नसतील. गवतात पालथे पडलो म्हणजे वाचलो, असे नवख्याला वाटते. लष्करी प्रशिक्षणात याविषयी दोन स्वच्छ शब्द आहेत: नजरेची आड आणि गोळीची आड. पहिली शत्रूच्या डोळ्यांपासून लपवते, दुसरी त्याची गोळी अडवते. दोन्ही एकाच ठिकाणी मिळतील असे नाही.

हा फरक समजायला बपेऱ्याचे शिवार पुरेसे आहे. भंडारा जिल्ह्याच्या तुमसर तालुक्यातले हे गाव मध्य प्रदेशाच्या सीमेजवळ, धानाच्या मुलखात आहे. धान निसवला की बांधीत, म्हणजे धानाच्या वाफ्यात, बसलेला माणूस दुरून दिसत नाही. ती नजरेची आड. पण त्या उभ्या धानातून गोळी आरपार जाईल. दोन बांध्यांमधला धुरा हातभरच उंच असतो, त्यामागे उभा माणूस साफ दिसतो. तोच माणूस धुऱ्यामागे पालथा पडला, तर मधल्या मातीने गोळी अडण्याची शक्यता निर्माण होते. माती जितकी जाड तितकी आड भक्कम. बोडीची, म्हणजे लहान तळ्याची, पाळ याहून चांगली, कारण ती उंचही असते आणि रुंदही. जुन्या मोहाचे खोड एका माणसाला पुरते, पण एकाच दिशेने. शत्रू बगलेला सरकला की ते निकामी. धान कापून नेला की तीच बांधी मोकळी होते आणि धुऱ्याखेरीज तिथे काहीच उरत नाही. जमीन वाचणे म्हणतात ते हेच: समोरचा प्रत्येक उंचवटा कोणत्या दिशेकडून, किती वेळ आणि कशापासून वाचवील, याचा अंदाज बांधणे.

खेळात तर गवताचा भरवसा आणखी कमी. फोनवर भार पडू नये म्हणून लांबच्या अंतरावरचे गवत खेळ दाखवतच नाही. गवतात पडलेल्याला आपल्याभोवती हिरवे दाट रान दिसते, तर तीनशे मीटरवरून दुर्बीण लावलेल्याला तो सपाट जमिनीवर उघडा पडलेला दिसतो. टेकडीच्या पलीकडचा उतार, दगड, भिंत आणि खोड यांच्या बाबतीत असा घोटाळा होत नाही.

‘कोपऱ्यात दबा धरून बसणाऱ्याचाच फायदा’ हा समजही पूर्ण खरा नाही. बहुतेक जण कॅमेरा पात्राच्या पाठीमागे असणाऱ्या पद्धतीने खेळतात. त्यात भिंतीआड उभ्या खेळाडूला स्वतः न दिसता कोपऱ्यापलीकडचे दिसते, आणि तेवढ्यापुरता दबा धरणाऱ्याला फायदा मिळतो. उलट बाजूला नेटवर्कचा विलंब असतो. कोपऱ्यातून झपकन बाहेर येणाऱ्याची हालचाल सर्व्हरमार्गे समोरच्याच्या फोनवर पोचेपर्यंत सेकंदाचा काही अंश जातो. तेवढ्यात बाहेर येणाऱ्याने समोरच्याला आधीच पाहिलेले असते. पिंग, म्हणजे हा विलंब, जास्त असेल तिथे हा फरक वाढतो. त्यामुळे एकाच कोपऱ्यात थांबून राहण्यापेक्षा जागा बदलत राहणारा जास्त टिकतो.

समोर कोणी दिसत नसताना गोळ्या झाडणे म्हणजे उधळपट्टी, असेही अनेकांना वाटते. पायदळाच्या हल्ल्याचा पायाच या समजाच्या उलट आहे. भारतीय पायदळाच्या सेक्शनमध्ये साधारण दहा जवान असतात आणि त्यांत एलएमजी (हलकी मशीनगन) ग्रुप आणि रायफल ग्रुप अशी विभागणी असते. हल्ल्यात एलएमजीवाले एका बाजूने शत्रूच्या मोर्च्यावर सतत मारा ठेवतात. तो मारा शत्रूला मारण्यापेक्षा त्याचे डोके खाली ठेवण्यासाठी असतो. तेवढ्या वेळात रायफल ग्रुप बगलेने पुढे सरकतो. बगलेनेच का, याचे कारण साधे आहे. सरकणारे जवान गोळीबाराच्या रेषेत आले, तर आपल्याच माऱ्याला थांबावे लागते. दोन गटांमध्ये काटकोनाच्या आसपास कोन राहिला, तर मारा अगदी शेवटपर्यंत चालू ठेवता येतो, आणि शत्रूला एकाच आडोशामागे राहून दोन्ही बाजूंना तोंड देता येत नाही.

बीजीएमआयमध्ये हाच डाव दोन जोड्यांनी खेळला जातो. एक जोडी दगडामागच्या शत्रूवर थांबून थांबून गोळ्या झाडते, दुसरी उताराच्या पलीकडून वळसा घेते. मात्र इथे एक मर्यादा ध्यानात ठेवायला हवी. जवळून गोळ्या सणसणत गेल्या की खरा माणूस डोके वर काढायला धजत नाही. मोबाइलवरच्या खेळाडूला अशी भीती नसते, आणि खेळातही तिचा काही हिशेब नाही. स्क्वाड नावाच्या, संगणकावर खेळल्या जाणाऱ्या खेळात हा हिशेब आहे. जवळून गोळ्या गेल्या की तिथे पडदा धूसर होतो आणि नेम धरणे अवघड जाते. त्या खेळात एकेका तुकडीत नऊ जण असतात, आणि दडपणाच्या माऱ्याला तिथे खरी किंमत आहे. बीजीएमआयमध्ये शत्रूचे डोके खाली राहावे असे वाटत असेल, तर निदान काही गोळ्या त्याला लागल्याच पाहिजेत.

‘चौघे एकत्र राहिले म्हणजे टीमवर्क’ हा समज याच धाग्यातला. एकाच जीपमागे चौघे खेटून बसले, तर एका ग्रेनेडमध्ये सगळा स्क्वॉड संपतो. शत्रूलाही चौघांसाठी एकाच दिशेकडे पाहावे लागते. फार पांगले, तर पडलेल्याचा बदला घ्यायला कोणी वेळेवर पोचत नाही. योग्य अंतर मीटरमध्ये सांगता येत नाही, ते जमिनीवर ठरते. कसोट्या दोनच: एका ग्रेनेडमध्ये दोघे सापडू नयेत, आणि प्रत्येकाला किमान एका साथीदाराची समोरची बाजू दिसावी.

बोलण्याच्या बाबतीत गैरसमज उलट टोकाचा आहे. सतत बोलणारा स्क्वॉड चांगला, असे मानले जाते. प्रत्यक्षात माइकवरचा गोंगाट पावलांचा आवाज गिळून टाकतो, आणि पावलांचा आवाज हीच या खेळातली सर्वांत स्वस्त माहिती. ‘अबे, तिकडे आहे, तिकडे, मारला मला!’ या वाक्यातून साथीदारांना काहीच कळत नाही. ‘दोनशे चाळीस, दोन जण, लाल घराचा वरचा मजला, एकाची तब्येत अर्धी’ यात दिशा, संख्या, जागा आणि अवस्था, सगळे आले. खेळाच्या पडद्यावर वरच्या बाजूला होकायंत्राचे अंश दिसतात, म्हणून दिशेसाठी आकडा सांगणे सर्वांत सोपे. दोघे एकमेकांपासून दूर असतील, तर एकाच शत्रूकडे पाहतानाही दोघांचे आकडे वेगळे येतात. अशा वेळी नकाशावर खूण करावी. मारला गेलेला खेळाडू त्यानंतरच्या दोन-तीन सेकंदांत काय सांगतो, यावर स्क्वॉडचा दर्जा पटकन ओळखू येतो. नशिबाला दोष देण्यात ते सेकंद गेले की उरलेले तिघे आंधळे होतात.

म्होरक्या, ज्याला खेळाडू आयजीएल म्हणतात, तो फक्त हुकूम सोडतो असे नाही. पुढचे वर्तुळ कुठे येईल, कोणत्या वाटेने जायचे आणि कोणती लढाई टाळायची, हे त्याने लढाई सुरू होण्याआधीच ठरवायचे असते. चकमक पेटल्यावर प्रत्येकाला स्वतःच निर्णय घ्यावे लागतात.

पडलेल्या साथीदाराला तडक उठवायला धावणे ही माया असली, तरी डाव म्हणून ती बहुधा चूक ठरते. उठवायला साधारण दहा सेकंद लागतात आणि तेवढा वेळ उठवणारा हात बांधून बसतो. ज्याने पहिल्याला पाडले, त्याची बंदूक अजून तिथेच रोखलेली असते. म्हणून आधी स्मोक, म्हणजे धुराचा ग्रेनेड, टाकायचा, मग शत्रूला मारायचे किंवा हटवायचे, आणि त्यानंतर साथीदाराला उठवायचे. पडलेल्याने स्वतः रांगत आडोशामागे येणे हा या कामातला त्याचा वाटा.

मराठी खेळाडूंमध्ये एक खास आपला गैरसमज आढळतो: झुडपात लपून बसण्याला ‘गनिमी कावा’ म्हणण्याचा. शिवकालीन गनिमी कावा हा वेग, माहिती आणि जागेची निवड यांवर उभा होता. फेब्रुवारी १६६१ मधली उंबरखिंडीची लढाई याचा स्वच्छ नमुना आहे. शाइस्तेखानाने धाडलेला मुघल सरदार कारतलबखान सह्याद्री उतरून कोकणात निघाला होता. त्याच्या सैन्यात माहूरची स्त्री-सरदार रायबागनही होती. खानाची फौज मोठी होती, पण अरुंद, झाडीच्या वाटेवर ती लांबलचक रांगेत ताणली गेली. शिवाजी महाराजांनी हेरांकडून त्याची वाट आधीच जाणून घेतली, मोक्याच्या जागी चहूबाजूंनी माणसे ठेवली, आणि रांग पूर्ण आत येईपर्यंत मारा सुरू केला नाही. पुढे जाता येईना, मागे फिरता येईना, तेव्हा खान शरण आला. एरंगेलच्या दक्षिणेकडचा लष्करी तळ बेटावर आहे आणि त्याला मुख्य भूमीशी जोडणारे दोन पूल आहेत. वर्तुळ उत्तरेला सरकले की तिथे हीच स्थिती येते: वाट ठरलेली, आडोसा तुटपुंजा, येणारा घाईत. पूल धरणाऱ्या स्क्वॉडने पहिल्याच गाडीवर गोळीबार केला, तर मागचे सावध होतात. वर्तुळाची सरकती सीमा विसरून जो पुलावर बसूनच राहतो, तो स्वतः सापडतो. उंबरखिंडीत जितके महत्त्व दबा धरण्याला होते, तितकेच वेळेवर पोचण्याला आणि काम झाल्यावर निघून जाण्याला होते.

शेवटचा गैरसमज घराघरांतला आहे, आणि त्याच्या दोन बाजू आहेत. काही मुलांना वाटते, की खेळात तरबेज झालो म्हणजे फौजेची अर्धी तयारी झाली. काही पालकांना वाटते, की यात शिकण्यासारखे काहीच नाही. खेळात मेडकिट काही सेकंदांत तब्येत पूर्ण भरते, अंगावर तीन-तीन बंदुका घेऊन माणूस दमत नाही, आणि मेल्यावर पुढचा सामना मिळतो. खऱ्या सेक्शनमधल्या जवानाला वजन, तहान, झोप आणि भीती सोसत तेच फायर आणि मूव्ह, म्हणजे एकाने मारा ठेवायचा आणि दुसऱ्याने सरकायचे, करावे लागते, म्हणून त्याचा सराव वर्षानुवर्षे चालतो. बेळगावचे मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र असो की नागपूरजवळच्या कामठीचे ब्रिगेड ऑफ द गार्ड्सचे, तिथला नवा जवान आधी शरीर घडवतो. अग्निवीर भरतीत लेखी परीक्षेनंतर १.६ किलोमीटरची धाव, बीमवर पुलअप आणि नऊ फुटांचा खड्डा ओलांडणे असते. अंगठ्याची चपळाई यांतल्या कशालाच उपयोगी पडत नाही.

होकायंत्राच्या अंशात दिशा सांगणे, नकाशाच्या चौकटीवरून अंतर काढणे, कोणत्या आडोशामागे कोणत्या बाजूने जायचे हे ओळखणे आणि चार शब्दांत अहवाल देणे, या सवयी मात्र खेळातून थोड्याफार लागतात. त्या खऱ्या जमिनीवर नेण्याची सोय शाळा-कॉलेजातल्या एनसीसीत आहे. नकाशावाचन, अंतराचा अंदाज, फील्ड क्राफ्ट आणि बॅटल क्राफ्ट हे तिथल्या अभ्यासक्रमातलेच विषय आहेत, आणि एनसीसीच्या प्रमाणपत्राचे वाढीव गुण लष्कर भरतीतही धरले जातात.