दरोड्याची शिक्षा आणि अपिलातील छाननी

अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील सत्र न्यायालयाने दरोड्याबद्दल दिलेली शिक्षा अपिलात मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापुढे जाते. तेथे अशी शिक्षा बहुधा दोन ठिकाणी कसास लागते : दोषारोप आणि पुरावा.

पाच किंवा अधिक इसमांनी मिळून केलेली जबरी चोरी म्हणजे दरोडा. भारतीय दंड संहितेच्या ३९१ व्या कलमातील ही व्याख्या भारतीय न्याय संहितेच्या ३१० व्या कलमात कायम आहे. दोषारोपात सहाच नावे असून दोघे सुटले, तर उरलेल्या चौघांना दरोड्याची शिक्षा देता येत नाही. फार तर जबरी चोरीची देता येते. मात्र अज्ञात साथीदारांसह पाचांहून अधिक इसम होते असे शाबीत झाल्यास कमी आरोपींचीही शिक्षा टिकते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७३ मध्ये सक्तू खटल्यात ठरविले. दोषारोपातील केवळ तांत्रिक चूक पुरेशी नसते. तीमुळे न्यायाची हानी झाली पाहिजे.

पुराव्याचा प्रश्न अधिक नाजूक होय. रात्रीची वेळ, अपुरा उजेड आणि भेदरलेला साक्षीदार यांमुळे ओळख सहज चुकते. ओळखपरेडीपूर्वी आरोपी साक्षीदारांच्या दृष्टीस पडले असल्यास परेडीचे मोल उरत नाही.

नाशिक जिल्ह्यातील खटला या संदर्भात अभ्यसनीय आहे. जून २००३ मधील दरोडा, खून व बलात्काराबद्दल २००६ मध्ये सत्र न्यायालयाने भटक्या जमातीतील सहा जणांना फाशी सुनावली. २००७ मध्ये उच्च न्यायालयाने तिघांची शिक्षा जन्मठेपेवर आणली. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांची फाशी कायम केली. तथापि बचावलेल्या साक्षीदार स्त्रीने घटनेनंतर दोन दिवसांत पोलिसांच्या छायाचित्रसंग्रहातून वेगळ्याच चार इसमांना ओळखले होते, आणि त्यांचा तपासच झाला नव्हता. पुनर्विलोकनानंतर ५ मार्च २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष ठरविले व प्रत्येकी पाच लाख रुपये भरपाई देवविली. त्यांतील एक गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता.

१८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याची परंपरा १९५२ मध्ये कायद्यापुरती संपली. संशयाची सवय मात्र संपली नाही. कर्जत-श्रीगोंद्याकडील पारधी वस्त्यांना तिचा अनुभव आहे. म्हणूनच अपील हा तांत्रिक पळवाटांचा मार्ग मानणे चूक होय. जेथे संशय जातीवरून जडतो, तेथे दोषारोपातील प्रत्येक शब्द आणि पंचनाम्यातील प्रत्येक ओळ तपासणे हेच न्यायाचे पहिले कर्तव्य ठरते.